जहाजापेक्षा मास्क महत्त्वाचा: गालापागोसबद्दल वाचकांचे प्रश्न

गालापागोस बेटांवर छोट्या जहाजाने फिरणं, तिथले प्राणी-पक्षी पाहणं आणि स्नॉर्कलिंग (डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं) या विषयावर या वेळी प्रश्न मागवले होते. ज्यांना बेटं नवी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला पॅसिफिकमध्ये हा ज्वालामुखी बेटांचा समूह आहे. १९५९ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आज जवळपास ९७ टक्के जमीन उद्यानात आहे आणि भोवतालचा समुद्र १९९८ पासून राखीव आहे. आलेल्या पत्रांत बहुतेकांनी केबिनबद्दल विचारलं आहे, मास्कबद्दल मोजक्यांनी. उत्तरांत हे प्रमाण मुद्दाम उलटं केलं आहे.

आम्ही दोघं पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. एजंटने १६ प्रवाशांचं आणि ९० प्रवाशांचं अशी दोन जहाजं सुचवली आहेत. ८ दिवस घ्यावेत की ५ पुरतील? (वाचक, नाशिक)

आधी दिवसांचा हिशोब. '८ दिवस' म्हणजे ७ रात्री. पहिल्या दिवशी इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या किटो किंवा ग्वायाकिलहून येणारं विमान दुपारच्या सुमारास उतरतं, शेवटच्या दिवशी सकाळी परतीची घाई असते. हातात पूर्ण दिवस येतात ६. पाच दिवसांच्या सहलीत ३, चार दिवसांच्या सहलीत फक्त २. भारतातून दीड-दोन दिवसांचा प्रवास करून जाणाऱ्याने ८ पेक्षा कमी घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पैसे कमी पडत असतील तर केबिन खालच्या दर्जाची घ्या, दिवस कापू नका.

जहाजाच्या आकाराबद्दल: १०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज तिथे चालतच नाही आणि दर १६ पर्यटकांमागे उद्यानाचा परवाना असलेला एक गाईड लागतो. म्हणजे ९० प्रवाशांच्या जहाजावरही तुम्ही बेटावर छोट्या गटातच उतरता. फरक पडतो तो वेळेत. १६ जणांचं जहाज दोन पांगांत (रबरी होड्यांना तिथे पांगा म्हणतात) एका फेरीत रिकामं होतं. मोठ्या जहाजावर गटांच्या पाळ्या लागतात. उलट मोठं जहाज कमी हलतं, त्यावर बहुधा डॉक्टर असतो, आणि पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी तळाला काच असलेली होडीही असू शकते. वीस प्रवाशांचं जहाज मिळालं तर ते बघाच: नियमाने दोन गाईड घ्यावे लागतात, त्यामुळे गट दहा-दहाचे होतात.

पण खरा निर्णय जहाजाचा नसून मार्गाचा आहे. साधारणपणे एका जहाजाला १४ दिवसांत त्याच ठिकाणी पुन्हा जाता येत नाही. म्हणून प्रत्येक जहाज पंधरा दिवसांचं चक्र आखतं आणि त्याचे तुकडे विकतं. कुठला तुकडा तुमच्या वाट्याला येतो त्यावर काय दिसणार हे ठरतं. पश्चिमेच्या तुकड्यात फर्नांदिना आणि इसाबेलाची मागची बाजू येते: न उडणारे पाणकावळे, पेंग्विन, समुद्री इग्वानांचे (मोठ्या सरड्यांचे) कळप, भरपूर कासवं. दक्षिण-पूर्वेच्या तुकड्यात एस्पान्योला, फ्लोरेआना, सान क्रिस्तोबाल: अल्बट्रॉस, समुद्रसिंहांचे वाळूचे किनारे, किकर रॉकला (समुद्रातून वर आलेल्या खडकाला) हॅमरहेड शार्क. उत्तरेला हेनोवेसा: लाल पायांचे बूबी आणि फ्रिगेटबर्ड हे समुद्रपक्षी. एजंटकडून बेटांची नावं नकोत, रोजच्या उतरण्याच्या ठिकाणांची यादी मागा आणि प्रत्येक ठिकाणापुढे 'चालणं', 'पांगा' की 'स्नॉर्कल' ते लिहून घ्या. 'सान्ता क्रुझ' एवढं बेटाचं नावच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ कासवांचं शेत असू शकतो, किनारा असू शकतो किंवा नुसतं बाजारात फिरणंही.

दिवाळीची सुट्टी की मे महिना? (वाचक, कोल्हापूर)

तुम्हाला काय हवंय त्यावर. जानेवारी ते मे समुद्र शांत, पाणी साधारण २३ ते २७ अंश, बऱ्याचदा पारदर्शक. मधूनच पावसाची सर आणि किनाऱ्यावर चांगलाच उकाडा. कासवं याच काळात वाळूत अंडी घालतात. जून ते नोव्हेंबर आकाश ढगाळ, भुरभुर पाऊस, वारा आणि थंड समुद्र: मध्यभागी १८ ते २२ अंश, पश्चिमेला १६ पर्यंतही. दिवाळी नेमकी या थंड काळाच्या शेवटाला येते.

विषुववृत्तावर पाणी इतकं गार कसं? दक्षिणेकडून थंड हम्बोल्ट प्रवाह येतो. शिवाय पॅसिफिकच्या पोटातून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला-फर्नांदिनाच्या उतारांवर आदळतो आणि वर येतो. ते खोलातलं पाणी थंड असतं आणि पोषक क्षारांनी भरलेलं, म्हणून शेवाळ आणि प्लवक माजतात, मासे येतात, माशांमागे पेंग्विन, पाणकावळे, समुद्रसिंह येतात. पाणी हिरवट आणि गढूळसर दिसतं ते याचमुळे. थोडक्यात, थंड महिन्यांत दिसतं कमी लांबवरचं, पण दिसायला असतं जास्त.

अल्बट्रॉस पाहायचा असेल तर एप्रिल ते डिसेंबर आणि मार्गात एस्पान्योलाचं पुंता स्वारेझ हवंच. हा पक्षी जवळजवळ फक्त त्या एका बेटावर वीण घालतो. एल निन्योच्या वर्षी मात्र सगळं गणित फिरतं. पाणी तापतं, शेवाळ मरतं आणि इग्वाना उपाशी पडतात. अशा वर्षांत त्यांची शरीरं लांबीनेही आखूड होतात, हाडांसकट, आणि अन्न परतलं की पुन्हा वाढतात.

एक गोष्ट आधीच मनातून काढा. अंदमान किंवा मालदीवसारखे रंगीत प्रवाळ इथे नाहीत. होते त्यातले बहुतेक १९८२-८३ च्या एल निन्योत मेले. इथे काळा लाव्हा, हिरवं शेवाळ आणि मोठे प्राणी आहेत. रंगीबेरंगी प्रवाळाच्या आशेने गेलेला माणूस पहिल्या दिवशी हिरमुसतो.

मला उणे ४ चा चष्मा आहे, डाव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबरही आहे. मिश्याही आहेत. जहाजावर मास्क मिळतो म्हणतात. तो चालेल का? (वाचक, पुणे)

चालेल, पण पाण्यात तुम्हाला समुद्रसिंह हलणाऱ्या ठिपक्यासारखा दिसेल. स्वतःचा मास्क घेऊन जा. पूर्ण सहलीच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे आणि यासारखा फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

नंबर: दोन वेगळ्या काचा असलेला मास्क घ्या, एकसंध काचेचा नको. अशा मास्कमध्ये तयार नंबराच्या काचा बसवता येतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने, आणि दोन्ही डोळ्यांना वेगळ्या. सिलिंडरच्या तयार काचा नसतात. त्याचा अर्धा नंबर मुख्य नंबरात मिळवतात. म्हणजे उणे ४ आणि सिलिंडर उणे १ असेल तर उणे ४.५. दोन टप्प्यांच्या मध्ये येत असाल तर कमी नंबर घ्या, कारण पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. याच कारणाने उणे १ पर्यंतच्या लोकांचं साध्या मास्कवरही भागतं. चष्मा आत घालून वर मास्क हा उद्योग करू नका. काडीच्या फटीतून पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरायच्याच असतील तर रोज फेकायच्या, आणि पाण्याबाहेर आल्यावर लगेच काढून टाकायच्या.

बसतो का ते असं तपासा: पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, केस बाहेर काढा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास रोखून धराल तोपर्यंत मास्क चिकटून राहायला हवा. कपाळाशी किंवा गालाशी फुसकन हवा आली तर दुसरा मास्क. मग नळीचं तोंडात धरायचं टोक तोंडात घेऊन हेच पुन्हा करा, कारण तोंड उघडलं की गालांचा आकार बदलतो. दुकानात हा दुसरा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि समुद्रात मास्क गळतो.

मिश्या: नाकाच्या लगेच खालची बोटभर जागा नाही, अर्धा सेंटिमीटर पट्टी बारीक केली तरी पुरतं. तेवढ्यात सिलिकॉनची कडा त्वचेला टेकते. मिशी वाचवायचीच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावतात. व्हॅसलीन नको, मास्कच्या रबरी भागांना ते खातं. मिशीवाल्याच्या मास्कमध्ये थोडं पाणी येणारच. ते काढायला शिका: मान किंचित वर, मास्कची वरची कडा कपाळाशी दाबायची, नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं.

धुरकट काच: नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातल्या सिलिकॉनचा अदृश्य थर असतो. तो काढला नाही तर कुठलंही द्रावण लावा, काच धुरकटतेच. पांढरी साधी टूथपेस्ट (जेल नको) आतल्या बाजूने बोटाने घासा, धुवा, आणि हे तीन-चारदा करा. काचेला आधीच कारखान्यातला धुकेरोधक थर असेल तर मात्र घासू नका. मग रोज पाण्यात उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून आतून फिरवा आणि एकदाच हलकं विसळा. थुंकीही तितकीच चालते. मास्क कपाळावर चढवून ठेवू नका. डोक्याच्या उबेने काच पुन्हा धुरकटते, आणि लाटेने मास्क नेला तर तो गेलाच. गळ्यात ठेवा.

पट्टा: गळतो म्हणून लोक पट्टा आवळतात. त्याने कडा वाकडी होते आणि मास्क जास्तच गळतो. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर, आणि जेमतेम घट्ट.

नळी: वर झडप असलेली 'ड्राय' नळी नवख्याला बरी, लाट आली तरी पाणी कमी येतं. ती वाळूने अडकते, म्हणून गोड्या पाण्याने धुवा. नळी जास्त लांब चांगली हा गैरसमज आहे: लांब नळीत सोडलेला वापरलेला श्वासच पुन्हा आत येतो. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क बाजारात आकर्षक दिसतात. आम्ही ते सुचवत नाही. त्यात नाक चिमटीत धरून कानांचा दाब सोडता येत नाही, श्वासाला अडथळा जास्त होतो आणि घाबरगुंडी उडाली की ते पटकन काढता येत नाहीत. अनेक जहाजं ते वापरूच देत नाहीत.

वय ६२, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पोहता येत नाही. मुलगा म्हणतो लाईफ जॅकेट घालून उतरता येईल. (निवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, मुलाचं अर्धं बरोबर आहे. साधं जाड लाईफ जॅकेट छाती वर उचलतं, त्यामुळे पालथं पडून पाण्यात बघताना मान दुखते आणि पुढे सरकता येत नाही. तोंडाने फुगवायचं पातळ स्नॉर्कल-वेस्ट त्यापेक्षा फार सोयीचं. जहाजावर ते आहे का हे आधी विचारा. शिवाय ५ मिलिमीटरचा वेटसूट (थंडीसाठी घालायचा जाड रबरी पोशाख) स्वतःच माणसाला तरंगवतो, बुडावं म्हटलं तरी बुडता येत नाही. पांगाला बांधलेल्या कड्याला धरून पाहणारेही असतात आणि त्यांनाही कासव दिसतंच.

पण रक्तदाब असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. पाण्यात शिरल्यावर पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि नळीतून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काहींच्या फुप्फुसांत पाणी साचू लागतं, अगदी पृष्ठभागावर तरंगत असतानाही. खुणा अशा: अचानक दम लागणं, खोकला, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं. यात 'थोडं थांबून बघू' नको. उताणं व्हायचं, नळी तोंडातून काढायची, हात हलवायचा आणि पांगात चढायचं.

न उतरताही खूप काही आहे. सान्ता क्रुझच्या उत्तरेला ब्लॅक टर्टल कोव्ह ही खारफुटीची खाडी आहे. तिथे कुणालाच पाण्यात उतरू देत नाहीत, पांगाचं इंजिन बंद करून वल्ह्याने जातात, आणि कासवं, सोनेरी पाकटं, शार्कची पिल्लं वरूनच दिसतात. इसाबेलाच्या पुंता विसेन्ते रोकाच्या कड्याखालची पांगाफेरीही तशीच. जमिनीवरच्या फेऱ्यांसाठी मात्र गुडघे तयार हवेत: लाव्हा खडबडीत आहे, चालण्याची काठी न्या, टोकाला रबरी टोपी लावून.

मालवणला सराव केला तर उपयोग होईल का? (वाचक, रत्नागिरी)

होईल, नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये केला तर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्कलिंग चालतं आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात सगळं बंद.

पण आधी तरणतलाव. सरावाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा उथळ टोकाला उभं राहून, मास्क न लावता फक्त नळी तोंडात घालून, चेहरा पाण्यात बुडवून तोंडाने श्वास घ्या. नाकात पाणी जाईल अशी भीती वाटते, ती इथेच मोडते. मग मास्क लावून तेच. मग मुद्दाम नळीत पाणी भरू द्या आणि 'टू' म्हटल्यासारखा एक जोरकस फुंकर मारून ते उडवा. त्यानंतरचा पहिला श्वास नेहमी सावकाश घ्यायचा, उरलेला थेंब घशात जाऊ नये म्हणून. मग फिन्स, म्हणजे पायांत घालायची रबरी वल्ही. पाय मांडीपासून हलवायचे, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे नाहीत. पोटऱ्यांत गोळे येतात ते सायकल मारल्यानेच. न थांबता वीस मिनिटं तरंगता आलं आणि पाण्यातच उताणं होऊन मास्क काढता-घालता आला, की मालवणला जा. तिथे शिकायचं ते लाटेत श्वास शांत ठेवणं आणि होडीत परत चढणं. मालवणचं पाणी उबदार आहे. गालापागोसच्या गारठ्याचा अंदाज तिथे येत नाही. तो हवाच असेल तर डिसेंबरात महाबळेश्वरच्या हॉटेलचा तलाव!

पाण्यात उतरल्यावर नक्की काय होतं? शार्कची भीती वाटते. (वाचक, ठाणे)

कोकणात मुशी ताटात वाढून घेणाऱ्यांनी शार्कला घाबरावं, यात शार्कवरच अन्याय आहे. तिथे दिसणारे पांढऱ्या टोकाचे शार्क रात्री शिकार करतात, दिवसा कपारीत पडून असतात. हॅमरहेड माणसाच्या बुडबुड्यांपासूनही लांब राहतात. त्यापेक्षा ज्यांची खरी काळजी घ्यायची ते तिघं वेगळे.

पहिला, समुद्रसिंहाचा नर. पिल्लं आणि माद्या तुमच्याभोवती गिरक्या घेतील, फिन्स चावून बघतील. हात लांब करू नका, एवढंच. पण जाड मानेचा, किनाऱ्यालगत येरझारा घालत भुंकणारा नर म्हणजे त्या किनाऱ्याचा मालक. त्याच्या आणि माद्यांच्या मधे जाऊ नका, पाठ न फिरवता बाजूला सरका. दुसरं, पाकट. 'वेट लँडिंग' म्हणजे पांगातून गुडघाभर पाण्यात उतरायचं असतं. तिथे पावलं उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. पाकटाला चाहूल लागते आणि ते निघून जातं. त्याच्यावर पाय पडला तरच काटा बसतो. तिसरा, प्रवाह.

क्रम असा असतो. पांगाच्या कडेवर बसायचं, मास्क, नळी लावायची, फिन्स सगळ्यात शेवटी. गाईड सांगेल तेव्हा मास्कवर तळहात दाबून उतरायचं. पहिलं मिनिट कुठेही न जाता तरंगायचं. थंड पाण्याने श्वास आपोआप जोरात होतो, तो एक-दोन मिनिटांत बसतो. नवखे याच मिनिटात पोहायला लागतात आणि दमतात. डोक्यावर मूठ टेकवली म्हणजे 'ठीक आहे', हात हलवला म्हणजे 'या'. निघण्याआधी आपल्या गाईडच्या खुणा विचारून घ्या, जहाजागणिक थोड्या बदलतात.

फ्लोरेआनाजवळचं डेव्हिल्स क्राउन हे बुडालेल्या ज्वालामुखीचं काठ उरलेलं तोंड आहे. तिथे प्रवाह एवढा असतो की पांगा वरच्या अंगाला सोडतो आणि खालच्या अंगाला उचलतो. प्रवाहाविरुद्ध पोहायचा प्रयत्न करू नका. वाहत जा, पांगा मागे आहे. किकर रॉकला वेगळाच त्रास: दोन उभ्या कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून जाताना खाली तळ दिसत नाही, आणि काहींना उंच गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितल्यासारखं गरगरतं. अशा वेळी नजर कड्यावर ठेवा. तिथेच सगळे जीव चिकटलेले असतात.

फर्नांदिनाला समुद्री इग्वाना पाण्याखाली चरताना पाहायला मिळतात. सकाळी ते दगडांवर उन्हात तापतात, मगच उतरतात. खोल बुडी फक्त मोठे नर मारतात, बाकीचे ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच खातात. पाण्यात त्यांच्या अंगाची ऊब झपाट्याने उतरते, म्हणून बाहेर येणाऱ्याची वाट अडवू नका. त्याला उन्हाच्या दगडापर्यंत पोचायचं असतं.

परत चढताना आधी फिन्स काढून नाविकाच्या हातात द्या, मग शिडी. खडकावर उभं राहून विसावा घेऊ नका, अर्चिनचे (खडकांवरच्या काटेरी गोळ्यासारख्या जीवाचे) काटे फिन्समधूनही टोचतात. एका वेळी पाऊण तास पुरे. ओठ निळसर, दात कडकडायला लागले की लगेच वर; अभिमान नको.

वेटसूट कितीचा? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

जानेवारी ते मे ३ मिलिमीटरचा, जून ते नोव्हेंबर ५ मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा. भाड्याने जहाजावर मिळतो, मापं (उंची, वजन, छाती) आधी कळवा. काखेत आणि पाठीच्या कण्याजवळ जागा राहिली तर दर लाटेला नवं थंड पाणी आत येतं आणि सूट असून नसल्यासारखा होतो. आत सुती टी-शर्ट नको, पाणी धरून बसतो. ज्यांना अंग झाकलेलं हवं त्यांच्यासाठी हा पोशाख आयताच सोयीचा आहे. वेटसूट नसलेल्या भागांवर, म्हणजे मानेच्या मागे, कानांवर, गुडघ्यामागे, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. विषुववृत्तावरचं ऊन ढगांआडूनही भाजतं.

बोट लागते. गोळ्या कुठल्या? (वाचक, चिंचवड)

आपल्याकडे मिळणारी ॲव्होमिन चालते. लांबची रात्रीची मजल असेल तर झोपताना, नाही तर निघण्याच्या तास-दोन तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. झोप येते, तेव्हा पाण्यात उतरायच्या सकाळी घेऊ नका, आणि घरी एकदा घेऊन बघा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याला घ्या. वरची बाल्कनीवाली महाग केबिन सगळ्यात जास्त झुलते. दोन तळ जोडलेलं कॅटामरान जहाज डोलतं कमी, पण समोरून लाट आली की आपटतं. समुद्र सगळ्यात खवळलेला जुलै ते ऑक्टोबर.

आम्ही शाकाहारी, आई जैन. जहाजावर उपाशी राहावं लागेल का? घरून काय नेता येईल? (वाचक, सांगली)

नाही, पण बुकिंग करतानाच लेखी सांगा, जहाजावर चढल्यावर नाही. वाण्याचं दुकान मधे लागत नाही. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर मासे किंवा चिकनचं सूप येण्याची शक्यता असते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं स्पॅनिशमध्ये लिहून द्या: मांस, कोंबडी, मासे नको. जैन आहारासाठी कांदा, लसूण, बटाटा वेगळा लिहा. भात, मसूर, राजम्यासारखी कडधान्यं, केळी आणि फळं इक्वेडोरमध्ये भरपूर असतात, त्यामुळे स्वयंपाक्याला आधी कळलं तर जमतं. तिखट मात्र घरून.

घरून नेताना सामानाची जैवसुरक्षा तपासणी मुख्य भूमीच्या विमानतळावरच होते. ताजी फळं, भाज्या, बिया, कच्ची कडधान्यं, रोपं, माती नाही. मोहरी, जिरं, मेथीदाणे यांच्याही बियाच असतात, तेव्हा फोडणीचं सामान घरी ठेवा. बंद पाकिटातली चटणी, खाकरा, लाडू असे शिजवलेले पदार्थ दाखवून, जाहीर करून न्या. शेवटचा निर्णय निरीक्षकाचा. बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती घासून काढा, त्यावरूनही अडवतात. बेटांवर उतरताना तर खाण्याचं काहीच बरोबर नेता येत नाही, फक्त पाणी.

आम्ही न्यू जर्सीला असतो. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का? (वाचक, अमेरिका)

जरूर. प्राणी पळून जात नाहीत, मुलांना याहून काय हवं? अनेक जहाजांची किमान वयोमर्यादा ६-७ आहे, ती विचारा. मास्क लहान मुलांचाच घ्या, मोठ्यांचा 'छोटा' आकार चालत नाही. मुलं लवकर गारठतात, वीस मिनिटांत बाहेर काढा. प्राण्यांपासून दोन मीटरचं अंतर ठेवायला तिला आधीच शिकवा, आणि हेही की समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतः जवळ आलं तर स्थिर उभं राहायचं, हात लावायचा नाही. माणसाचा वास लागलेल्या पिल्लाला आई नाकारू शकते.

व्हिसा, लस, पैसे? (अनेक वाचक)

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा आधी काढा. अमेरिकेतून विमान बदलायचं असेल तर तिथलाही लागतो. युरोपमार्गे जाताना त्या विमानतळाचा ट्रान्झिट नियम तपासा. पिवळ्या तापाची लस विसरू नका. इक्वेडोरहून परतणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, पासपोर्ट क्रमांकासह. वय ६० च्या वर किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर.

१ ऑगस्ट २०२४ पासून उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना २०० डॉलर, १२ वर्षांखालील मुलांना १०० डॉलर आहे. त्याशिवाय २० डॉलरचं प्रवास-कार्ड मुख्य भूमीच्या विमानतळावर. रोख न्या. इक्वेडोरचं चलनच अमेरिकी डॉलर आहे, पण १०० ची नोट दुकानदार घेत नाहीत; ५, १० आणि २० च्या नोटा ठेवा. घड्याळ मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे.

कॅमेरा कुठला, आणि ड्रोन नेता येईल का? (वाचक, बेळगाव)

ड्रोनला बंदी आहे, फ्लॅशलाही. जमिनीवर फार लांब लेन्सची गरज पडत नाही, ७०-२०० मिलिमीटरची पुष्कळ झाली. उडता अल्बट्रॉस आणि जहाजाच्या डेकवरून दिसणारे डॉल्फिन यांच्यासाठीच ४०० लागते. पाण्याखाली छोटा ॲक्शन कॅमेरा, तरंगणाऱ्या मुठीसह. मनगटाच्या दोरीवर भिस्त ठेवू नका. लाल रंग पाच मीटरच्या आतच विझायला लागतो, म्हणून पृष्ठभागाजवळ, सूर्य पाठीमागे ठेवून आणि प्राण्याच्या बाजूने चित्रण करा, वरून नाही. पहिल्या दोन उतरणींना कॅमेरा जहाजावरच ठेवा. एका हातात कॅमेरा आणि गळणारा मास्क, असे लोक रोज पांगात सगळ्यात आधी परत चढतात.